मोन्सेरातची गर्दी

डोंगरातला मठ म्हटला की शांतता गृहीत धरायची आपली खोड. म्हणून बार्सिलोनाजवळच्या मोन्सेरातला भर दुपारी पोचलेला माणूस हिरमुसतो. बॅसिलिकाच्या दाराशी खेटाखेट, सेल्फीवाले, शाळेच्या सहली. पण गर्दी सांभाळणं हे इथल्या बेनेडिक्टाइन साधूंचं जुनंच काम आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इथे लिहिलेल्या ‘लिब्रे वेर्मेल’ या हस्तलिखितात त्याचा पुरावा आहे. रात्रभर देवळात जागणाऱ्या यात्रेकरूंना गायचं-नाचायचं असतंच, तर निदान सोज्वळ गाणी म्हणावीत, म्हणून ती लिहून दिली आहेत. नाचू नका असं सांगण्याच्या फंदात ते पडलेच नाहीत. शहाणी माणसं!

तिथे जाताना खरी गोची होते ती तिकीट काढताना. बार्सिलोनातल्या प्लासा एस्पान्या चौकातून मान्रेसाकडे जाणारी आर-५ गाडी तासाभरात पायथ्याशी आणते. तिथून वर जायला आएरी म्हणजे रोपवे, किंवा क्रेमायेरा म्हणजे दातेरी रुळावरची गाडी. दोन्हींची स्थानकं वेगळी. रोपवेचं आधी येतं, क्रेमायेरासाठी पुढे मोनिस्त्रोलला उतरायचं. काय घ्यायचं ते तिकिटाआधीच ठरवावं, एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. १९३० सालचा रोपवे पाच मिनिटांत वर नेतो, पण वारा सुटला की बंद. क्रेमायेरा पंधरा-वीस मिनिटं घेते. ती १८९२ची, १९५७ला बंद पडली आणि २००३मध्ये नव्यानं सुरू झाली. जाताना रोपवेच घ्यावा. गोट्या सिमेंटमध्ये थापल्यासारखे ते सुळके तेवढे जवळून पुन्हा दिसत नाहीत.

वर मठ साधारण ७२० मीटरवर. स्थापना १०२५च्या सुमारास, पण १८११-१२मध्ये नेपोलियनच्या फौजांनी जाळपोळ केल्यामुळे डोळ्यांना दिसतं त्यातलं बरंचसं नंतरचं. बाराव्या शतकातली लाकडी माउली, म्हणजे मेरीमातेची मूर्ती, मात्र टिकली. कातालान लोक तिला लाडानं ‘मोरेनेता’, सावळी, म्हणतात. दिव्यांच्या धुरानं आणि रंग बदलत गेल्यानं ती काळवंडली, असं मानतात. ती काचेआड आहे, फक्त उजव्या हातातला गोल बाहेर. त्याला हात लावायला उजवीकडच्या दारानं, जिना चढून जावं लागतं आणि त्याची वेळ आधी राखून ठेवलेली बरी. नाहीतर खालूनच पाहायचं. पंढरपुरातलं पददर्शन आणि मुखदर्शन ज्याला ठाऊक आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

याच माउलीपुढे १५२२मध्ये इग्नेशियस लोयोलानं रात्र जागून आपली तलवार ठेवली. पुढे त्यानं उभारलेल्या जेझुइट संघातला फ्रान्सिस झेवियर १५४२ला गोव्यात उतरला. त्याचं शव ठेवलेल्या ओल्ड गोव्याच्या बाँ जेझू चर्चमध्ये जाणाऱ्यांनी मोन्सेरातला चक्कर मारायला हे कारण पुरे.

एस्कोलानियाची, म्हणजे मठाच्या गायनशाळेची, मुलं ‘साल्वे’ आणि ‘विरोलाइ’ ही स्तोत्रं गातात ती जेमतेम काही मिनिटं. रांगेत रेंगाळणाऱ्यांचं हमखास हुकतं. उन्हाळ्यात मुलांना सुट्टी असते, तेव्हा वेळापत्रक पाहूनच दिवस ठरवावा.

आणि बाहेर रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मिळणारं मातो, म्हणजे बिनमिठाचं ताजं चीज, मध घालून तिथेच खाऊन टाकावं. पिशवीत घालून उन्हातून खाली आणलं की पाणी सोडतं, आणि मग आर-५मध्ये शेजारचे सरकून बसतात.