तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्वेअर फुटाला किती?

"ताई, साइट बघायला नंतर या, आधी स्क्वेअर फुटाला किती ते सांगा." मी बागा करून देते, आणि आठवड्यातून चारदा तरी हा फोन येतो. मी म्हणते, बघितल्याशिवाय नाही सांगत, आणि बघायला यायचे १,००० रुपये घेते, काम दिलंत तर बिलातून वजा. मग समोरून ते लांबलचक "अच्छाऽ" येतं. म्हणजे बाई माजलीय. तर एकदाच सांगून टाकते.

मी पण रेट सांगायचे हो. फोनवर, व्हॉट्सॲपवर, सिग्नलला उभी राहून. लॉन, लाल माती, शेणखत, कडेची झाडं, १४० रुपये फूट, पाठच होतं. २०१९ ला बावधनला एका बंगल्याच्या मागे १,२०० फुटांची बाग करायची होती, काका रिटायर्ड, बोलायला गोड, त्यांनी सगळ्या बाजूंचे फोटो पाठवले आणि मी गाडीवरून न उतरता १,६८,००० टाइप करून पाठवलं. वर हौसेने लिहिलं, "सगळं धरून".

फोटोत बाजूचा बोळ नव्हता. तीन फुटी, त्यातही एसीचं युनिट बाहेर आलेलं. ट्रॅक्टर सोडाच, आमची हातगाडी अडकली. आणि माती म्हणून जे दिसत होतं ते वरचे दोन इंच, खाली बिल्डरने गाडलेला राडारोडा. टाइल्सचे तुकडे, पीओपी, दगड झालेली सिमेंटची पोती, एक अख्खा कमोड. नऊ इंच काढायचं म्हणजे ९०० घनफूट, ९ ब्रास (शंभर घनफुटांचा एक). पण खणलेला माल फुगतो, तो भरला १२ ब्रासच्या आसपास. घमेल्यात मावतं जेमतेम अर्धा घनफूट. करा हिशोब, २,४०० घमेली त्या बोळातून डोक्यावर बाहेर, आणि मग जवळपास तेवढीच लाल माती आत, कारण पाणी मारलं की ती बसते. मी २० हजेऱ्या (एक मजूर, एक दिवस) धरल्या होत्या, ६१ लागल्या. ८०० ने ३२,८०० फक्त मजुरीचे वर गेले. टेम्पोच्या खेपा वेगळ्या, राडारोडा टाकायचा कुठे ही वणवण वेगळी.

चौथ्या दिवशी धीर करून काकांशी बोलले. त्यांनी चहा दिला, मोबाइल काढला, चष्मा लावला आणि माझाच मेसेज मला वाचून दाखवला. "सगळं धरून म्हणजे काय काय धरून, ताई?" चिडून नाही, खरंच विचारल्यासारखं. मला उत्तर देता आलं नाही. बिल्डरचा कमोड मी का भरायचा, असं आजही वाटतं. आणि काका तरी काय चुकीचं बोलले, हेही वाटतं. काम पुरं करून दिलं. मुकादमाचे १८,००० दिवाळीनंतर देऊ शकले, त्याने मधे एकदाही फोन केला नाही, आणि शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटायचं.

त्यानंतर जुने हिशोब काढून बसले तर अजून एक शहाणपण उघडं पडलं. खर्चावर २० टक्के चढवले की २० टक्के सुटतात असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. १०० चे १२० झाले, पण १२० मधले २० म्हणजे जेमतेम १७ टक्के. खरंच २० हवे असतील तर १२५ लावावे लागतात. शाळेतलं गणित आहे, मान्य. पण त्या तीन टक्क्यांत माझं पेट्रोल आणि झाडांची मरतुक होती.

हो, मरतुक. "उरुळी कांचनच्या नर्सरीत हेच झाड दीडशेला मिळतं" म्हणणाऱ्यांसाठी. मिळतं. मीही तिथूनच आणते. पण दोन महिन्यांत ते वाळलं तर तुम्ही उरुळीला फोन करत नाही, मला करता, आणि मी गुपचूप दुसरं लावून जाते.

आता खरं सांगू का, त्या हजार रुपयांनी माझी कामं कमी झालीत. २०१९ ची मी असती तर म्हणाली असती, अगं तेव्हा निदान फोन तरी वाजायचा, दहातल्या एका कामात बुडालीस तर काय मोठं. तिच्याकडे मुद्दा आहे. ज्यांची बाग साधी, गेट मोठं, जमीन चांगली, त्यांनी त्या बावधनच्या बोळाचे पैसे का द्यायचे? काही बायका तर काकुळतीने विचारतात, बजेट बसतंय का एवढंच बघायचंय हो. त्यांना मी हल्ली सांगते, पहारीने नऊ इंच खड्डा करा, आत पट्टी उभी करून फोटो पाठवा. परवा एकीने खरंच पाठवला, पट्टीसकट, सुंदर काळी माती, खडा नाही. मी खूश होऊन रेट सांगून टाकला, ॲडव्हान्स पण आला. सोमवारी मातीची गाडी जातेय, आणि आत्ता रात्री साडेअकराला आठवलं की गेटचा फोटो मागितलाच नाही.