सतरा जणांचा एकच नंबर

जानेवारीतला रविवार. संपर्कसत्र, म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांचा प्रत्यक्ष वर्ग, सकाळी दहाला होतं. साडेदहापर्यंत वर्गात तीन जण, आणि त्यातला एक चुकून आलेला. त्याला पोलीस भरतीच्या क्लासला जायचं होतं. मी एका मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर अर्थशास्त्राचा समंत्रक, म्हणजे शिकवणारा मार्गदर्शक, आहे. केंद्र बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, कॉलेजच्या मागच्या दोन खोल्यांत. आठवडाभर तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि रविवारी हे.

केंद्रसंयोजक सरांनी एक यादी हातात दिली. पोर्टलवरून काढलेली, बी.ए. प्रथम वर्षाची ४१ नावं. प्रत्येकासमोर लॉगिन शून्य, गृहपाठ शून्य, आणि शेवटच्या रकान्यात 'निष्क्रिय' हा शब्द. "गृहपाठाची मुदत शुक्रवारी संपतेय. फोन करून बघा. नाही आले तर आपल्या अहवालात तसं लिहून टाकू."

शंभरातले वीस गुण गृहपाठाचे असतात. ते गेले की ऐंशीच्या पेपरात माणूस आधीच खचून बसतो. बरेच जण मग परीक्षेलाच येत नाहीत. हे दरवर्षीचं आहे. अहवालात 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प' हे वाक्य मी दोन वर्षं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि लिहिताना मला काही वाटलंही नव्हतं.

पहिला फोन एका नवऱ्याने उचलला. "ती नाही घरी. काय काम होतं?" काम सांगितलं तर म्हणाला, सांगतो, आणि नाव न विचारताच ठेवून दिला. दुसरा फोन लागला तो थेट उसाच्या फडात. मागे ट्रॅक्टरवर गाणं चालू होतं. "सर, आमी कारखान्यावर हाव. पाडव्याला गावाकडं येतो, तवा भरतो सगळं." तिसऱ्याचं म्हणणं, "मी पास झालो ना पण?" त्याला अजून परीक्षा झालेलीच नाही हे पटवण्यात पाच मिनिटं गेली.

चौथा नंबर लावला. "बोला साहेब, मल्टिसर्व्हिसेस." मी मुलीचं नाव सांगितलं. "हां हां, सांगतो तिला." पाचवा लावला, पुन्हा तोच आवाज. मला वाटलं रिडायल झालं. सहाव्याला तो हसायलाच लागला. "सर, एकदाच सांगा ना, किती जण हाईत?"

मग मी शहाणपणा केला. यादीतला मोबाइल नंबरचा रकाना वरून खाली बोट फिरवत वाचला. एकच नंबर सतरा वेळा होता.

याचा अर्थ लक्षात यायला एक चहा लागला. सत्राचं वेळापत्रक, ऑनलाइन तासाची लिंक, गृहपाठाची तारीख, पासवर्ड, सगळे एसएमएस त्या एका काउंटरवर जाऊन पडत होते. आणि व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तो नंबर अर्थातच एकदाच. प्रवेश इतके आणि ग्रुपमध्ये माणसं एवढी कमी कशी, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. अर्थशास्त्राच्या माणसाला निदान वजाबाकी तरी यायला हवी होती.

गाव चौदा किलोमीटरवर. गाडी काढली.

दुकान म्हणजे एका पत्र्याच्या गाळ्यात झेरॉक्स, लॅमिनेशनचं यंत्र, पासपोर्ट फोटोसाठी पाठीमागे निळा पडदा. चालवणारा पोरगा पंचविशीचा, डोळ्यांखाली काळं. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्याने आधी स्टूल पुसून दिलं. "काय करणार सर? आधी डिजिलॉकर, मग एबीसी आयडी, मग ते डीईबी आयडी, मग तुमचा फॉर्म. गावात रेंज नाही. फोन घरी चार्जिंगला, नाहीतर मालकाच्या खिशात. ओटीपी येतो आन दहा मिनिटांत मरतो. बायामाणसं चार चार चकरा मारायली. म्हणून तुमच्या फॉर्मवर माझाच नंबर टाकला." एबीसी आयडी म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांचं खातं, आणि डीईबी आयडी म्हणजे दूरशिक्षणाच्या प्रवेशाचा ओळख क्रमांक. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डीईबी आयडी २०२४ पासून सक्तीचा केला. बोगस प्रवेश रोखायला तो हवाच. पण खिडक्या वाढल्या की खिडकीवरचा माणूसही वाढतो, हे मला त्या स्टुलावर बसून कळलं.

"आणि मेसेज?" तो ओशाळला. "दिवसाला दोनशे येतात सर. पीक विम्याचे, रेशनचे, स्कॉलरशिपचे. तुमचा ग्रुप म्यूटवर हाय."

माझे थोरले मामा एसटीत वाहक होते. नव्वदच्या दशकात ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाले. विद्यापीठ १९८९ साली निघालेलं, म्हणजे ते तसे सुरुवातीचेच. त्यांच्या केंद्रावरचे सर पोस्टकार्ड टाकायचे. पोस्टमनला मामांची ड्यूटी पाठ. मुक्कामी गाडी असली की कार्ड डेपोत नेऊन द्यायचा. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचं ब्रीद मामा मोठ्याने म्हणून दाखवायचे. आमची गंगा चौदा किलोमीटर येऊन या गाळ्यात तुंबली होती.

पोराकडे मात्र एक शंभर पानी वही होती, आणि ती आमच्या पोर्टलपेक्षा कितीतरी बरी होती. नाव, पैसे किती बाकी, आणि पत्ता म्हणून 'टाकीजवळ, निळं दार' किंवा 'पुण्याला कंपनीत, भावाला विचारणे'. त्या वहीवरून आम्ही निरोप धाडायला लागलो.

सगळ्यात आधी एक अंगणवाडीताई आल्या. चाळिशीच्या आसपास, पदर खोचलेला, हातात नायलॉनची पिशवी. अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका व्हायचं तर पदवी लागते, म्हणून प्रवेश घेतलेला. मी त्यांच्या वयाकडे बघून, आवाज चढवून, मोबाइल वापरता येतो का असं विचारलं. त्यांनी शांतपणे फोन काढून पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीचं सरकारी ॲप उघडून दाखवलं. पोरांची वजनं-उंच्या त्या दर महिन्याला त्यावर भरत होत्या. मी गप्प.

पिशवीतून पुस्तकं निघाली, जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं घातलेली. त्याखाली फुलस्केपचे गठ्ठे, दोऱ्याने शिवलेले. गृहपाठ. सगळ्या विषयांचे, सगळे. प्रत्येकाच्या वर उजव्या कोपऱ्यात तारीख. पहिला ऑगस्टमधला होता. "पुस्तकाच्या मागं प्रश्न दिल्यात, म्हणून लिहून काढले. कुठं द्यायचे ते कुणी सांगंना. म्हटलं, बोलवतील."

मी माझ्या विषयाचा गठ्ठा उघडला. बेरोजगारीचे प्रकार. हंगामी बेरोजगारीखाली लिहिलं होतं: 'आमचे गाव दिवाळीनंतर रिकामे होते व पाडव्याला भरते.' छुप्या बेरोजगारीखाली: 'आमच्या दीड एकरात सासरे, दीर, मालक व मी असे चौघे राबतो. दोघे नाही गेले तरी तूर तेवढीच निघते.' सीमांत उत्पादकता शून्य असणं, म्हणजे माणूस वाढला तरी उत्पादन न वाढणं, हे मी बारा वर्षं फळ्यावर आलेख काढून शिकवतोय. एवढं स्वच्छ मला एकदाही सांगता आलेलं नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "मला वाटलं दूरचं शिक्षण म्हणजे असंच असतं. पुस्तकं द्यायची आन परीक्षेला बोलवायचं. मधी कुणी नसतं."

मायकेल मूर नावाच्या अभ्यासकाने पन्नासेक वर्षांपूर्वी मांडलं होतं की दूरशिक्षणातलं अंतर मैलांत मोजायचं नसतं, शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात बोलणं किती होतं त्यावर ते ठरतं. समंत्रकांच्या प्रशिक्षणात मी हे टिपून घेतलं होतं. वही कुठे आहे, ठाऊक नाही.

नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी येणार, म्हणजे पुन्हा त्याच पोराकडे. संध्याकाळपर्यंत त्याने ओरडून आकडे सांगायचे आणि मी भरायचे, असं चाललं. रेंजसाठी तो अधूनमधून गाळ्याबाहेर, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढायचा. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र माझ्याकडून चार वेळा प्याला. सतरांपैकी नऊ जण त्या दिवशी भेटले. दोघं पुण्याला कंपनीत होते, त्यांचं फोनवर उरकलं. तिघं फडात, त्यांच्या वेळेचं काय करायचं ते मला आजही नीट सुचलेलं नाही, कारण मुदत शुक्रवारची होती आणि पाडवा लांब. एकीचं लग्न होऊन ती परगावी गेलेली. दोघांनी सरळ सांगितलं की आता शिकायचं नाही. ताईंचे गठ्ठे मी गाडीच्या डिकीत टाकून स्वतः आणले.

बुधवारी दुपारी तासावर असताना फोन वाजला. गाळ्यातला पोरगा.

"सर, तुमचा एक ओटीपी आलाय. नाव वहीत सापडंना. कुणाचा हाय बघा बरं, सात मिनिटं राहिली."