तुम्ही विचारलंत म्हणून: लेडकोरसाठी स्वस्तातलं रीळ

"लेडकोर ट्रोलिंग सुरू करायचंय, पण रिळावर फार पैसे घालायचे नाहीत. कुठलं घेऊ?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय, की उत्तर एकदाचं लिहूनच टाकतो. फक्त कंपनीचं नाव ऐकायच्या तयारीने बसलेल्यांना मी आधी उलट विचारतो: किती रंग सोडणार आहात?

नव्यांसाठी थोडक्यात. ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासेमारी. लेडकोर ही त्यासाठीची लाइन (गळाची दोरी), म्हणजे विणलेल्या धाग्याच्या नळीत भरलेली शिशाची बारीक तार. चालत्या बोटीमागे ती सोडली की वेगळं वजन न लावता आमिष खोल जातं. नळीचा रंग दर 10 यार्डांना, म्हणजे 30 फुटांना बदलतो, म्हणून आपलं सगळं मोजमाप रंगांत. 10 रंग म्हणजे 100 यार्ड, त्याला पूर्ण कोअर म्हणतात. बोट ताशी 2 मैलांनी चालत असेल तर 27 पौंडी (इतका ताण पेलणाऱ्या) लाइनचा एक रंग साधारण 5 फूट खोली देतो. बोट हळू केली की आमिष आणखी खाली, वेग वाढवला की वर.

आता रीळ. ही लाइन जाड असते, आणि नवा माणूस नेमका इथेच फसतो. मीही फसलो होतो. हाताशी होतं ते छोटं रीळ घेतलं, आधी हौसेने भरपूर बॅकिंग (लेडकोरच्या मागे, तळाशी राहणारी साधी लाइन) गुंडाळलं आणि वर लेडकोर चढवायला लागलो. सातव्या रंगाला स्पूल (रिळातली लाइन गुंडाळायची फिरकी) काठोकाठ. तरी अर्धा रंग दामटून बसवला. पहिल्याच फेरीत लाइन काठावरून घसरून स्पूल आणि फ्रेमच्या मधे गेली. साधी लाइन ओढून काढता येते, लेडकोर मुरडली की आतल्या शिशाला कायमचा बाक बसतो आणि पुढे तिथूनच ती तुटते. तो रंग कापून टाकावा लागला.

म्हणून आकार आधी. कंपनीगणिक आकडे बदलतात, पण ओकुमाचं कन्व्हेक्टर किंवा डाईवाचं सीलाइन यांसारख्या रिळांत पूर्ण कोअरसाठी 45-47 च्या आसपासचा आकार बघा, पाच रंगांच्या आत राहणार असाल तर 30 च्या जवळचा. बॅकिंग ब्रेडचं (बारीक विणलेल्या लाइनचं) घेतलंत तर जागा वाचते, फक्त त्याच्या तळाशी मोनोचे (साध्या नायलॉन लाइनचे) चार वेढे द्या, नाहीतर सगळा ब्रेड स्पूलवर नुसता गरागरा फिरतो.

बॅकिंग किती घालायचं हे गणिताने काढायच्या भानगडीत पडू नका. रिकाम्या स्पूलवर आधी लेडकोर गुंडाळा, मग त्यावर बॅकिंग, काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खाली आलं की कापा. आता हे सगळं उलटं करायचंय. एकसारखी दोन रिळं असतील तर एकावरून दुसऱ्यावर ओढा, बॅकिंग तळाला आणि लेडकोर वर असा क्रम आपोआप लागतो. एकच रीळ असेल तर मोठं मैदान शोधा, सगळी लाइन पसरा आणि बॅकिंगच्या टोकाकडून गुंडाळत या. दोन्ही वेळा बोटांनी ताण धरून. लोक बघतात, बघू द्यात.

एकसारखी दोन रिळं म्हणालो ते उगाच नाही. माझं मत विचाराल तर एका भारी रिळापेक्षा दोन साधी बरी. एका रॉडवर तीन रंग, दुसऱ्यावर सात किंवा दहा असं ठेवलं की मासे कुठल्या थरात आहेत ते लवकर कळतं. एका पूर्ण कोअरमधून तीनच रंग सोडले तरी चालतात, नाही असं नाही. पण प्लेनर बोर्ड (लाइन बोटीपासून बाजूला दूर नेणारी तरंगती फळी) लावायचा म्हटलं की त्याची क्लिप थेट लेडकोरवर बसते आणि आतलं शिसं चेपतं. तीन रंगांच्या मागे बॅकिंग असलेलं वेगळं रीळ असेल तर क्लिप बॅकिंगवर लागते.

पैसे वाचवायची पहिली जागा म्हणजे लाइन काउंटर. बहुतेक काउंटर स्पूलचे फेरे मोजतात. स्पूल रिकामं होत जातं तसा एका फेऱ्यात कमी लाइन सुटते आणि आकडा हळूहळू खोटा पडतो. शिवाय रंग डोळ्यांसमोर असतातच, लेडकोर स्वतःच मोजपट्टी आहे. हां, कमी रंगांमागे लांबलचक बॅकिंग सोडणार असाल तर काउंटर कामाला येतो, कारण बॅकिंगला रंगांच्या खुणा नसतात.

जिथे वाचवायचे नाहीत ती जागा म्हणजे ड्रॅग, मासा ओढायला लागला की ठराविक ताणाला लाइन सुटू देणारा रिळाचा ब्रेक. खोक्यावर 20 पौंड, 25 पौंड असं ठळक छापलेलं असतं, तिकडे दुर्लक्ष करा. लीडर (लेडकोर आणि आमिष यांच्यामधली साधी लाइन) 10-12 पौंडी असेल तर इतका ड्रॅग लावणार कोण? बघायचं ते हे: दुकानात ड्रॅग मध्यम घट्ट करा आणि लाइन अगदी सावकाश ओढा. स्पूल लोण्यासारखं सुटायला हवं. आधी अडलं आणि मग झटक्याने सुटलं, तर रीळ परत ठेवा. तो एक झटका पाण्यात मासा सोडवायला पुरतो. कार्बनच्या चकत्या असलेला ड्रॅग असेल तर उत्तम, पण हाताची परीक्षा खोक्यापेक्षा खरी.

दुसरं, लेव्हलवाइंडचं (लाइन स्पूलवर एकसारखी पसरवणाऱ्या भागाचं) भोक. लेडकोरला मारलेल्या गाठी तिथून आत-बाहेर जाणार. मी लीडर जोडताना लेडकोरच्या टोकातून पाचसहा इंच शिसं मोडून काढतो, रिकाम्या नळीत मोनो घालतो आणि वरून गाठ मारतो. विलिस नॉट म्हणतात तिला, बारीक आणि लवचीक होते. तरी अरुंद भोकात तीही टकटक आवाज करत अडते. दुकानात जाताना गाठ मारलेला एक तुकडा खिशात ठेवा आणि त्या भोकातून ओढून बघा.

गियरबद्दल दोन शब्द. 4:1 च्या रिळावर (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे चार फेरे), लाइनसकट स्पूलचा व्यास 5 सेंटिमीटर धरला, तर हँडलच्या एका फेऱ्यात साधारण 63 सेंटिमीटर लाइन येते. 90 मीटर आणायला झाले दीडशेच्या आसपास फेरे, आणि स्पूल अर्धं रिकामं असताना त्याहून जास्त. म्हणून हँडल लांब आणि मूठ भरीव हवी. 6:1 ची घाई इथे कामाची नाही, एवढ्या वजनाला ती जड जाते.

जुनं रीळ मिळत असेल तर जरूर बघा. पेनचं 309 हे लेडकोरवाल्यांचं जुनं ओळखीचं रीळ आहे: काउंटर नाही, वजनदार, पण पोट मोठं. हँडल फिरवून लेव्हलवाइंड दोन्ही टोकांना न अडखळता परततो का ते बघा, क्लिकर (लाइन सुटताना वाजणारी कळ) वाजतो का ऐका, हँडल उलटं फिरत नाही ना याची खात्री करा. आणि आधीच्या मालकाने त्यावर ठेवलेली लेडकोर फुकट मिळाली तरी तिचे सगळे रंग उलगडून बोटांखालून घाला. कुठे गाठीसारखं कडक लागलं तर तिथे शिसं आतून मुरडलेलं किंवा तुटलेलं असू शकतं. त्यानंतर हात धुऊन मगच डबा उघडा, शेवटी ते शिसं आहे.