साक्षीवेलीची गाठ अखेर सुटली

कथेसाठी मी एक काल्पनिक जग रचतोय, आणि त्यातल्या ज्या वेलीपाशी तीन महिने अडकलो होतो, तिथून परवा रात्री सुटलो. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

आधी त्याच जगातल्या उडत्या गगनघोरपडीची बातमी. तिचे पंख शेवटी छाटले. 24 मीटरचा पसारा सोडवत नव्हता, पण लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट आणि वजन आठपट होतं, हा हिशेब काही केल्या चुकवता येत नाही. क्वेट्झालकोॲटलससारख्या महाकाय उडत्या सरीसृपाचा पसाराही 10-11 मीटरच्याच आसपास. आता घोरपड 11 वर आहे आणि कड्यावरून झेप घेताना पहिल्यांदाच खरी वाटते. ते चित्र मी दिवसातून चारदा काढून बघतो.

आता वेल. जुनी कल्पना आठवत असेल: जवळ कुणी खोटं बोललं की साक्षीवेल कोमेजते. दिसायला सुंदर, पण कथेचा गळा घोटणारी. दरबारात एक कुंडी ठेवली की कटकारस्थानं संपलीच. मग ठिगळं लावत बसलो. वेल दुर्मिळ केली, तर ती राजाच्याच ताब्यात गेली. फक्त पौर्णिमेला जागी ठेवली, तर कारस्थानी लोक अमावास्येला भेटू लागले. स्वतःच्या खोट्यावर विश्वास असलेल्याला सूट दिली, तर वेल मन वाचायला लागली, आणि मन वाचणारं झाड मला या जगात नकोच आहे. शेवटी एका मित्राने विचारलं, "खोटं म्हणजे काय, हे वेलीला सांगितलं कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते मिळालं सोयाबीनच्या मुळांत. मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात; हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात आणि बदल्यात अन्न घेतात. 2003 साली जीवशास्त्रज्ञ टोबी कियर्स आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग मांडला. त्यांनी मुळांभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून तिथे आरगॉन हा निष्क्रिय वायू भरला. जिवाणू एरवी इमानदार, पण आता द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. तरीही झाडाने हात आखडता घेतला आणि त्या जिवाणूंची वाढ सुमारे निम्म्यावर आली. गाठीला मिळणारा प्राणवायू कमी करून झाड हे करत असावं, असं त्यांना दिसलं.

वाचून अंगावर काटा आला. झाडाला हेतू कळत नाही, किती आलं तेवढंच कळतं. आणि माझ्या जगातल्या शक्तीचं नाव मी पहिल्या दिवसापासून 'देणं' ठेवलंय! देणं म्हणजे हातून सुटणारं, आणि देणं म्हणजे डोक्यावर असलेलंही.

तर आता साक्षीवेल खोटं ओळखत नाही. खोऱ्यातल्या प्रत्येक घराची तिच्या मुळावर एक गाठ असते. घराकडून येणं थांबलं की वेल त्या गाठीचा रस तोडते. वेलकरी म्हातारी अंगठ्याच्या नखाने गाठ चिरून बघते: आत गुलाबी असेल तर घर देतंय, हिरवट पडली असेल तर नाही. हेही खऱ्या मुळांतलंच आहे. काम करणारी गाठ लेगहिमोग्लोबिनमुळे (गाठीतल्या, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्या लाल प्रथिनामुळे) आतून गुलाबी असते. ती छटा मिळवायला जलरंगी पेन्सिलीचे पाच थर द्यावे लागले. ब्रशपेनच्या नादी लागू नका, पातळ कागदावर रंग फुटतो. नोंदींसाठीसुद्धा मी ॲप सोडून पुन्हा कार्डांवर आलोय. टेबलावर पसरली की कुठला प्राणी कुणावर जगतो ते एका नजरेत दिसतं.

पुढचा बेत नकाशाचा होता. पण हे लिहिताना आरगॉनपाशीच घुटमळतोय. खलनायकाने तेच केलं तर? त्याने खोऱ्याचं पाणी वर अडवायचं. लोकांना देता येणार नाही, आणि वेल स्वतःच त्यांना तोडत जाईल, एकेक घर. त्याला तलवार उचलावीच लागणार नाही. वेल मात्र पूर्वीइतकीच पवित्र राहील, आणि म्हातारीला शेजारणीची हिरवट गाठ हातात घेऊन तिच्या दारात उभं राहावं लागेल.

म्हणजे 'तमस' ही वेगळी दुष्ट शक्ती लागतच नाही. तिची चौदा कार्डं आत्ताच बाजूला काढली. नकाशा थांबेल, आधी ते पाणी कुठल्या घळीत अडवता येईल ते शोधतो, आणि घोरपडीची घरटी त्याच कड्यावर येतात का तेही बघतो.