तुम्ही विचारलंत म्हणून: लाकडाला गेरू कशाला?

"अहो, चांगला ऑइलपेंट मिळतो की बाजारात. लाकडाला माती काय फासताय?" हे मला मेढ्याच्या स्टँडवर विचारून झालंय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, आणि एका दहाव्यालासुद्धा, कावळ्याची वाट बघत सगळे उभे असताना. तिथल्या तिथे काय सांगणार? म्हणून घरच्या लाकडाला मी गेरूचा रंग स्वतः शिजवून का देतो, ते एकदाच लिहून टाकतो.

पैसे वाचवायला करतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी जवसाच्या तेलाचा भाव विचारून यावा. आणि 'नैसर्गिक' म्हणून माझं कौतुक करणाऱ्यांनाही हात जोडतो. त्या रंगात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, पडतो, तो काही झाडाला लागत नाही.

ही कृती आजीच्या बटव्यातली नाही, स्वीडनची आहे. तिथं फालून गावी तांब्याची जुनी खाण होती, १९९२ साली बंद पडली. तिच्या टाकाऊ, लोहयुक्त मातीपासून केलेला लाल रंग तिकडची लाकडी घरं शतकानुशतकं लावत आली आहेत. पाणी, पीठ, माती, हिराकस आणि जवसाचं तेल, एवढंच. मी मातीच्या जागी आपला गेरू घेतो. ८ लिटर पाण्याला साधारण ६५० ग्रॅम गव्हाचं पीठ, २ किलो गेरू, पाव किलो हिराकस आणि १ लिटर तेल. पिठाची खळ आधी नीट शिजवायची, गुठळी राहिली तर ती भिंगासारखी खांबावर दिसत राहते. मग हिराकस आणि गेरू, पुन्हा शिजवणं, शेवटी तेल धारेनं सोडत घोटत राहायचं. पातळ पिठल्यासारखं झालं की उतरवायचं. हिराकस काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. मागितला की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग कशाला पाहिजे ते विचारतो. म्हणजे तिथंही तोच प्रश्न.

आता खांबाचं. माझ्या घरी आलेल्यांना तो माहीत आहे, पण पूर्ण गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.

सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, पश्चिम टोकाचा खांब आईनाच्या लाकडाचा, आजोबांच्या आधीचा. वडील त्याला दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीच्या आधी चॉकलेटी ऑइलपेंट द्यायचे. माणूस लावायचे नाहीत, स्वतः द्यायचे. लांबी भरून, घासून, दोन हात. खांब असा चकचकायचा की पोरं त्यात तोंड बघायची. एका पावसाळ्याच्या तोंडावर कौलं चाळायला सुतारमामा आले होते. शिडी लावताना तिचा पाय खांबाला लागला आणि ते थांबले. बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. बद्द आवाज. "दादा, ह्यो वाजतोय कसा बघा." त्यांनी पटाशी काढली, बुडापासून वीतभर वर टेकवली आणि नुसती दाबली. हातोडा लावलाच नाही. पटाशी मुठीपर्यंत आत गेली.

रंगाचा पापुद्रा मात्र शाबूत होता. मामांनी तो सोलला तेव्हा नारळाच्या करवंटीसारखा कडक तुकडा हातात आला. बाहेरून चकचकीत, आतून काळा आणि ओला. आतलं लाकूड मी मुठीत घेतलं आणि दाबलं, तर बोटांतून पाणी आलं. वडील ओट्यावर बसून बघत होते. "गेल्याच दिवाळीला रंगवलाय," एवढंच म्हणाले. कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं तेच पुन्हा म्हणाले. धिरे लावून वरची तुळई उचलली, खांबाचं कुजलेलं बूड कापलं, खाली दगड चढवला. वडिलांनी त्यानंतर ब्रश हातात धरला नाही.

पुढची कित्येक वर्षं मी सांगत फिरलो की ऑइलपेंटनं खांब खाल्ला. रंग पाणी आत येऊ देत नाही हे खरं, पण आत शिरलेलं बाहेरही जाऊ देत नाही. मातीचा रंग जाऊ देतो. त्याचा पापुद्रा सुटत नाही, तो भुकटी होऊन झिजतो, आणि झिजला की लाकूड काय म्हणतंय ते दिसतं. हे मी आजही म्हणतो.

पण सुतारमामा तेव्हाच म्हणाले होते, "रंगानं न्हाय, फरशीनं." सोप्यात शहाबादी फरशी घातली तेव्हा गवंड्यानं तळखडा सिमेंटात बुजवला होता. खांब जमिनीच्या ओलीपासून वर राहावा म्हणून जुन्या लोकांनी घातलेला दगडच गाडला, मग लाकूड बुडातून पाणी ओढणारच. मग रंगाचा दोष किती? त्याच रांगेतले बाकीचे खांब, तीच फरशी, तोच रंग, अजून ठणठणीत आहेत. पण त्यांच्यावर पश्चिमेची झड येत नाही. फरशी, झड की रंग, याचा निकाल मला लावता आलेला नाही. वडिलांच्या देखत तर मी तो विषयच काढत नाही.

बाकी तुमच्या तक्रारी मान्य. हो, टेकून बसलं की पाठ लाल होते. पाव्हण्यांना मी आधीच सांगतो, तरी एकाचा पांढरा सदरा गेलाच. झडीच्या बाजूला रंग लवकर फिका पडतो. फालूनच्या मातीत तांब्या-जस्ताचा अंश असतो, आपल्या गेरूत तो नाही, तेव्हा तिकडच्याइतका टिकेल असं मी छातीठोक सांगणार नाही. वाळवीही त्याला भीत नाही. आणि आईनावर पहिला हात दिला की खालून काळे डाग उमटतात. आईन हिरड्याचा भाऊबंद, आणि हिरडा-हिराकसाची तर पूर्वी शाईच करायचे. वहिनी म्हणते खांब जळाल्यासारखा दिसतो. मला आवडतो.

करवतीच्या खरबरीत लाकडालाच हा रंग धरतो. जुन्या ऑइलपेंटवर मुळीच नाही, आधी तो सगळा खरवडायचा. रंधा मारलेल्या सागवानी दारावरही नाही. आमच्या दाराला मी नुसतं जवसाचं तेल चोळतो. तेवढं कराल तर त्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवा, नाहीतर अंगणात एकेक पसरून वाळवा.