पहिला चांगला टॉर्च: ल्युमेनच्या आकड्याआधी काय पाहावं

टॉर्च निवडताना खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे एकूण किती प्रकाश बाहेर पडतो त्याचा, आकडा सर्वांत कमी कामाचा असतो, आणि नेमका तोच सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. मुठीत मावणाऱ्या टॉर्चची खरी कुवत दोन गोष्टींवर ठरते: सेलमध्ये किती ऊर्जा आहे, आणि टॉर्च स्वतःची उष्णता किती वेगाने बाहेर टाकू शकतो.

ऊर्जेचा हिशोब कुणालाही करता येतो. चांगल्या छोट्या टॉर्चमध्ये बहुधा १८६५० हा लिथियम-आयन सेल असतो. १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी, शेवटचं शून्य म्हणजे दंडगोल आकार. ३००० एमएएच (मिलीअँपिअर-तास) क्षमता आणि सरासरी ३.६ व्होल्ट धरले तर १०.८ वॉट-तास होतात. एलईडी, सर्किट आणि काच यांत होणारं नुकसान वजा जाता एका वॉटमागे साधारण १०० ल्युमेन बाहेर पडतात. म्हणजे १०० ल्युमेन दहा-अकरा तास, ३०० ल्युमेन साडेतीन तास, १००० ल्युमेन जेमतेम एक तास. एका सेलवर ‘२००० ल्युमेन, ८ तास’ असा दावा दिसला तर त्या टॉर्चबद्दल पुढे काही वाचू नका.

तो एक तासही कागदावरच राहतो. १००० ल्युमेनसाठी दहा वॉट लागतात आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग उष्णता होतो. वीतभरही लांब नसलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला एवढी उष्णता सतत सोडणं जमत नाही, म्हणून चांगला टॉर्च एक-दोन मिनिटांत आपोआप ३०० ते ५०० ल्युमेनवर उतरतो. अनेक जण हा बिघाड समजून टॉर्च परत पाठवतात. पण हा उतार नसेल तर एलईडी आणि सेल दोन्हींचं आयुष्य घटतं, हातालाही चटका बसतो. शिवाय उजेड दुप्पट वाटायला ल्युमेन जवळपास चौपट लागतात, त्यामुळे १००० वरून ५०० वर आलेला प्रकाश डोळ्यांना निम्मा वाटत नाही.

म्हणून दहा मिनिटांनंतर टॉर्च किती ल्युमेन देतो, हे विचारा. उत्तर वेळ आणि प्रकाशाच्या आलेखात मिळतं. तो बऱ्याच परीक्षणांत असतो, चांगल्या कंपन्या स्वतःही देतात. एफएल१ या टॉर्च मोजण्याच्या मानकाप्रमाणे ल्युमेन मोजतात टॉर्च लावल्यावर तिसाव्या सेकंदापासून दोन मिनिटांच्या आत, आणि चालण्याचा वेळ मोजतात प्रकाश १० टक्क्यांवर येईपर्यंत. त्यामुळे ‘१००० ल्युमेन, ३ तास’ यात हजार ल्युमेन दोनच मिनिटं असू शकतात, तरीही छापलेलं खोटं नसतं. अंतराचंही असंच. ज्या अंतरावर प्रकाश ०.२५ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर छापतात. कॅन्डेलाच्या, म्हणजे झोताच्या तीव्रतेच्या आकड्याच्या, वर्गमुळाची दुप्पट केली की ते मीटरमध्ये मिळतं: १०,००० कॅन्डेला म्हणजे २०० मीटर. तिथे काय आहे ते नीट ओळखायचं असेल तर निम्मं अंतरच खरं धरा.

रोजच्या कामाला याहून फार कमी उजेड लागतो. वीज गेल्यावर घरात ५ ते ३० ल्युमेन पुरतात, पायवाटेला ५० ते १००, शेताच्या बांधावरून लांबवर पाहायला २०० ते ३००. प्रकाशाची सर्वांत खालची पायरी एक ल्युमेनच्या आतबाहेर असलेला टॉर्च जरूर घ्या. रात्री उठल्यावर डोळे दिपत नाहीत आणि शेजारी झोपलेल्यांना त्रास होत नाही.

प्रकाशाच्या रंगाकडे मात्र लोक फारच कमी लक्ष देतात, आणि मला तो ल्युमेनपेक्षा महत्त्वाचा वाटतो. स्वस्त टॉर्चचा प्रकाश ६५०० केल्विनचा (हा आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर), निळसर असतो, आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी गुण, ७० च्या आसपास. ४००० ते ५००० केल्विन आणि सीआरआय ९० च्या वर असेल तर तपकिरी, तांबड्या आणि मातकट छटा वेगवेगळ्या दिसतात. कृषिपंपाला रात्रपाळीची वीज असेल तेव्हा पाणी द्यायला जाणाऱ्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे: वाळक्या पाल्यातली घोणस किंवा कोकणातल्या जांभ्या दगडावरचं फुरसं निळसर प्रकाशात आजूबाजूच्या रंगात सहज मिसळून जातं. अशा एलईडीचे ल्युमेन त्याच विजेवर थोडे कमी भरतात. ते खुशाल सोडा. निचिया ५१९ए हा एलईडी याच गुणासाठी नावाजलेला आहे.

पावसाळ्यात सह्याद्रीत धुक्यातून चालताना टॉर्च कमरेच्या उंचीवर धरा आणि प्रकाश कमी ठेवा. डोळ्यांजवळून सोडलेला झोत धुक्यावरून उलट डोळ्यांतच येतो. रिफ्लेक्टर (एलईडीभोवतीची चकचकीत वाटी) खडबडीत, म्हणजे ‘ऑरेंज पील’ प्रकारचा असेल तर मधला ठिपका आणि भोवतीचा उजेड एकमेकांत मऊ मिसळतात. पहिल्या टॉर्चला तोच बरा. पुढे-मागे सरकणारं झूम टाळा: झोत बारीक केला की बराच प्रकाश आतच अडतो आणि सरकत्या सांध्यातून पाणी शिरतं. पाण्यासाठी आयपीएक्स८ (पाण्यात बुडाला तरी चालेल असा दर्जा) असलेला घ्या, आणि यूएसबीचं रबरी बूच नीट बसवा, नाहीतर त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

आता सेल. बाजारात ‘९९०० एमएएच’ लिहिलेले १८६५० मिळतात. सर्रास मिळणाऱ्या खऱ्या सेलची मजल ३५०० एमएएचच्या आसपास असते. वजनाने शंका फिटते: खरा सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, नकली बराच हलका. सॅमसंग ३०क्यू, मुराता व्हीटीसी६, एलजी एमजे१ ही भरवशाची नावं आहेत, पण विक्रेताही भरवशाचा हवा. संरक्षक सर्किट (जादा चार्जिंग किंवा शॉर्ट झाल्यास वीज तोडणारं) असलेला सेल चार-पाच मिमी लांब असतो आणि काही टॉर्चमध्ये बसत नाही, म्हणून आधी तपासा. धन टोक सोडलं तर सेलचं सगळं अंग ऋण असतं. प्लास्टिकचं आवरण फाटलं असेल तर नवं चढवल्याशिवाय वापरू नका, आणि सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकू नका.

कंपनीचा खास सेलच चालणारे टॉर्च मी पहिल्या खरेदीसाठी सुचवणार नाही, कारण पाच वर्षांनी तो सेल मिळेल याची खात्री नाही. वुर्कोस एफसी११सी किंवा सोफिर्न एससी३१ प्रो यांत साधा १८६५० बसतो आणि यूएसबी-सीने चार्ज होतो. काही स्वस्त टॉर्चमध्ये पोर्टाजवळचे ५.१ किलोओहमचे रोधक (रेझिस्टर) नसतात. मग दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जिंग सुरूच होत नाही, जुनी ए-ते-सी केबल लावा. लिथियम नकोच असेल तर डबल-ए आकाराचा टॉर्च आणि एनेलूपसारखे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. अल्कलाइन सेल आत विसरू नका, गळून आतला पितळी भाग खातात.

बटण खिशात दाबलं जाऊन टॉर्च तापतो, कापडही करपतं. आटे अ‍ॅनोडाइज केलेले, म्हणजे वीज न वाहणारा थर दिलेले, असतील तर मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की वीज तुटते. ठेवताना तसंच ठेवा. प्रकाश लुकलुकू लागला तर आधी आटे आणि नळीची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग झाकणातली दोन भोकांची रिंग चिमट्याने आवळा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. ओ-रिंगला (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला) थोडं सिलिकॉन ग्रीस लावा.

महिनोन्महिने पडून राहणार असेल तर सेल ३.७ व्होल्टच्या आसपास ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत टॉर्च सोडू नका. विमानात सुटे सेल फक्त हातसामानात, प्लास्टिकच्या डबीत न्या.