दोन गडगड्यांचा आड

जेसीबी नऊला येणार होता. मी साडेसातलाच बेळगावातल्या शहापूरच्या त्या बोळात पोचले. पाडकाम सुरू होण्याआधी जुन्या घराची मापं एकदा हातानं ताडून घ्यायची, ही घरं आखण्याच्या कामातली माझी बारा वर्षांची सवय.

घर चांगलं जुनं. जांभ्याच्या दीड फुटी भिंती मातीत बांधलेल्या, वर मंगलोरी कौलं, मधे चौक, मागं परसू. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं. विणकरांची वस्ती, त्यामुळे घरं एकमेकांना खेटून, भिंतीला भिंत. मालक पुण्यातली नोकरी संपवून बायकोसह गावी परतले होते. त्यांना पर्यावरणपूरक घर हवं होतं आणि मी तसं आखलंही होतं. जुनं सगळं काढायचं, आरसीसीचा सांगाडा उभारायचा, छतावर सोलर, जमिनीखाली पावसाच्या पाण्यासाठी वीस हजार लिटरची काँक्रीटची टाकी आणि परसात गाडी. गाडीच्या जागेत एक आड येत होता. नकाशात मी त्याच्यावर फुली मारून ‘बुजवणे’ लिहिलं होतं.

मी टेप लावत असताना पलीकडच्या घरातून आवाज आला, “आड बुजवूल्यात म्हणे?”

शेजारच्या आजी आडापाशीच उभ्या होत्या, पण त्यांच्या हद्दीत. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. आड बरोबर सामाईक भिंतीखाली होता. भिंतीला कमान ठेवलेली, आणि आडाचं अर्धं तोंड इकडं, अर्धं तिकडं. दोन्ही बाजूंना पाणी ओढायचा एकेक गडगडा. आमच्या बाजूला फरशी टाकून वर सामान रचलेलं, म्हणून मी मोजणीच्या दिवशी तो आमचाच धरून गेले होते.

“बहात्तरच्या दुष्काळात अख्ख्या गल्लीनं हितलं पाणी नेलं बघ पोरी. आणि तू माती टाकणार?”

गवंडी आला होता. त्याला फरशी उचलायला सांगितली. त्यानं बॅटरी मारली आणि आत पाणी असल्याचं कानडीत सांगितलं, “मॅडम, इल्ली नोड्री. नीर ऐत्री.” मेचा पहिला आठवडा. बेचाळीस फूट खोल आडात सव्वीस फुटांवर पाणी होतं. वरचा भाग जांभ्यात, खालचा काळ्या कातळात. जांभा स्पंजासारखा, पावसात पाणी पितो, उन्हाळ्यात सोडत राहतो. ही टाकी कुणीतरी खोदून ठेवलेली होती आणि मी ती बुजवून शेजारीच सिमेंटची दुसरी बांधणार होते.

तिथंच कट्ट्यावर बसून मी हिशेब मांडला. बेळगावात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छत शंभर चौरस मीटरचं. उडालेलं, वाहून गेलेलं वजा करून ऐंशी टक्के धरलं तरी एक लाख चार हजार लिटर. शहरात माणशी १३५ लिटर हे सरकारी मानक, म्हणजे चौघांच्या घराचं सहा महिन्यांहून जास्त दिवसांचं पाणी. माझ्या टाकीत त्यातलं वीस हजार मावणार होतं. उरलेलं गटारातून बळ्ळारी नाल्याकडं. २०१९च्या ऑगस्टमध्ये त्या नाल्याच्या पुरानं वडगाव-शहापूरच्या शिवाराचं काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि शहराच्या नळाला येणारं बरंचसं पाणी मात्र थेट हिडकल धरणाहून पंपांनी वर चढवून आणायचं.

एक धागा ओढला की सगळं उसवतं तसं झालं. मी त्या सामाईक भिंतीकडं पाहिलं. आजींच्या स्वयंपाकघराचे वासे आणि तुळई त्याच भिंतीत बसलेले. आमची बाजू मेमध्ये ओरबाडली असती तर जूनमध्ये मातीचं बांधकाम उघड्यावर भिजलं असतं, तेही त्यांच्या चुलीशेजारी. मग त्यांचा चौक. त्यांचं घर आमच्या उत्तरेला. डिसेंबरात आपल्याकडं भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कलून साधारण ५१ अंशांवर असतो; चौकाच्या कडेला मी काढलेल्या जादा दहा फूट उंचीची सावली सव्वाआठ फूट उत्तरेला गेली असती, सकाळी त्याहून लांब. बेळगावच्या थंडीत आजी त्या चौकात उन्हाला बसतात, पापड वाळवतात. माझ्या छतावरच्या सोलरसाठी मी त्यांचं ऊन घेणार होते. हे मला अजूनही टोचतं.

नऊला जेसीबी आला. मालकही आले. मी त्यांना म्हटलं, “सर, आज पाडायचं नाही.”

“मॅडम, भाडं सुरू झालंय. आणि गाडी कुठं लावू?”

त्यांचा राग रास्त होता. मी त्यांना आडापाशी नेलं, वहीतले आकडे दाखवले. त्यांच्या पत्नी वाकून बराच वेळ पाणी बघत राहिल्या. मग आजींनी पलीकडून पोहरा सोडला, भरून ओढला आणि कमानीतून त्यांच्या हातात दिला. जेसीबी परत गेला. त्याचं भाडं मी माझ्या फीतून वळतं केलं; चूक माझी होती.

नवा नकाशा तीन आठवड्यांत झाला. पुढच्या दोन खोल्या आणि सामाईक भिंत जागेवर, फक्त दुरुस्ती. मागची बाजू नवी, वरचा मजला दक्षिणेकडं सरकवलेला. तिकडचं घर आधीच दुमजली. निघालेला जांभा पुन्हा भिंतींत. जुनी कौलं स्लॅबच्या पोटात भरली. स्लॅबच्या खालच्या भागात ताण लोखंड पेलतं, तिथलं काँक्रीट नुसतं जागा अडवतं. त्या जागी कौल घातलं तर सिमेंट वाचतं आणि खोलीही कमी तापते. लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. आमच्या गवंड्यानं आधी मान हलवली, मग पहिली शटरिंग काढल्यावर खालून कौलांची नक्षी पाहून स्वतःच फोटो काढले.

आडाचा गाळ पाच दिवस निघत होता. पाण्याच्या तपासणीत कोलिफॉर्म, म्हणजे मैलापाणी मिसळल्याची खूण असणारे जंतू, सापडले. आमच्याच परसातला जुना गटाराचा चेंबर झिरपत होता. तो काढून नवी बंद पाइप टाकली. छताचं पाणी आता पहिल्या सरी सोडून देऊन, खडी-वाळूच्या गाळणीतून आडात जातं. ते धुण्याभांड्याला, संडासाला, झाडांना; प्यायला अजून नळच. गाडी गल्लीच्या तोंडाशी भाड्याच्या जागेत उभी असते, आणि मालक त्याबद्दल अजून पूर्ण खूश नाहीत.

आडाच्या आत उतरायला दगडात खोबण्या आहेत. जुलैत पाऊस लागला तसा मला मालकांच्या पत्नींचा फोन येऊ लागला. त्या नुसता निरोप पोचवतात, मोजणी आजींची असते. काल सकाळचा निरोप होता, “सातवी बुडाली म्हणून सांग तिला.”